शेपूट सरळ दिसलं की थांबून बघा

मागच्या जानेवारीतली गोष्ट आहे, लिहू लिहू म्हणत राहून गेली, काल मामांचा फोन आला म्हणून आज बसलेच लिहायला.

माझे मामा येवल्याच्या पुढे, राजापूरच्या बाजूला राहतात. नाशिकहून निघालं की चांदोरी, निफाड, विंचूर, येवला असं करत जायचं, निफाडपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मांडव आणि ऊस, आणि येवला सोडलं की जमीन हळूहळू कोरडी होत जाते, झाडं ठेंगणी होतात, मग नुसत्या बाभळी, बोरी आणि पिवळं गवत. लहानपणी सुट्टीत मामाकडे जायचा आनंद असायचाच, पण तिथे बघण्यासारखं काही नाही असं मला कायम वाटायचं. त्या दिवशी संध्याकाळी मी आणि मामा शेळ्या आत घेत होतो, ऊन उतरलेलं, आणि समोरच्या बांधापलीकडून एक कुत्रा चालत गेला. मी म्हटलं, मामा, कुणाचं हो हे कुत्रं, किती वाळलंय. मामा काहीच बोलले नाहीत, नुसता माझा हात धरला. मग हळूच म्हणाले, "कुत्रं न्हाई ते. शेपूट बघ."

शेपूट सरळ होतं. खाली लोंबत होतं, टोकाकडे थोडं काळं. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच ही म्हण आपण आयुष्यभर वापरतो पण तिचा असा उपयोग होईल हे मला कधी सुचलं नव्हतं. आपल्या गावकुत्र्याचं शेपूट वर वळलेलं असतं, लांडग्याचं तसं वळत नाही, ते पायांच्या मागे झाडूसारखं खाली असतं. मग एकदा ते दिसलं ना की बाकीचं सगळं पण दिसायला लागतं. पाय लांब, अंगाच्या मानाने फारच लांब, छाती अरुंद, कोपरं आत घेतलेली, आणि चाल तर इतकी वेगळी की आता मला लांबून पण ओळखता येईल असं वाटतं. कुत्रा रमतगमत जातो, इकडे वास घे, तिकडे पाय वर कर, मागे फिर. हा प्राणी सरळ निघाला होता, डोकं खाली, पाठ एका पातळीत, जराही वर-खाली न होता, एखादं काम ठरवून घरातून निघालेल्या माणसासारखा. एकदाच थांबून आमच्याकडे बघितलं त्याने. डोळे पिवळे. मग गेला.

सगळं मिळून अर्धा मिनिट असेल, मी मोबाईल काढला पण नाही, सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी मला त्याची पावलं दाखवली. आदल्या दिवशी कांद्याला पाणी दिलेलं होतं, सऱ्यांच्या कडेला चिखल होता, त्यात एकामागे एक अशी पावलं जवळजवळ एकाच रेषेत गेलेली. चार बोटं आणि नखांच्या खुणा, ते कुत्र्याचं पण तसंच असतं, बिबट्याच्या ठशात नखं उमटत नाहीत कारण तो ती आत घेतो. पण मामांनी दाखवलेली गंमत अशी की लांडगा चालताना मागचा पाय बरोबर पुढच्या पायाच्या ठशावर टाकतो, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं की दोनच पायांवर कुणीतरी चालत गेलंय. बर्फाच्या देशात एका मागे एक असे चार-पाच लांडगे एकमेकांच्या ठशांत पाय टाकत जातात, तेवढीच ताकद वाचते. कुत्र्याचा माग बघितला तर तो वेडावाकडा असतो. मामा शाळेत सातवीपर्यंत गेलेले आहेत आणि हे सगळं त्यांना नुसतं बघून बघून माहिती आहे.

आता नाशिकला आपल्याला जंगली जनावर म्हटलं की बिबट्याच आठवतो. गंगापूर रोडला दिसला, मळ्यात अडकला, सीसीटीव्हीत आला, आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर दर महिन्याला एक व्हिडिओ असतोच. लांडगा मात्र आपल्या मुलांना फक्त "लांडगा आला रे आला" मधून माहिती असतो, आणि त्याच्यापुढे इंग्लिश पिक्चरमधला तो मोठा केसाळ, बर्फात चंद्राकडे तोंड करून ओरडणारा. माझ्या मुलाला मी घरी येऊन सांगितलं की मी लांडगा बघितला तर तो म्हणाला इथे कसा असेल, इथे बर्फ कुठेय. मग मी आणि तो दोघं मिळून वाचायला लागलो, त्याचं वाचन आठवडाभरात थांबलं, माझं अजून चालू आहे.

तर पहिली गोष्ट म्हणजे तो पिक्चरमधला लांडगा आणि आपल्या माळावरचा लांडगा शास्त्राच्या हिशोबाने एकाच जातीत येतात, करडा लांडगा, कॅनिस ल्युपस. आर्क्टिकमधल्या पांढऱ्याशुभ्र लांडग्यापासून अरबस्तानच्या वाळवंटातल्या लांडग्यापर्यंत 30 च्या वर उपजाती मानतात त्याच्या. कॅनडा-अलास्काकडचे नर 45-50 किलोचे सहज असतात, त्याच्याहून मोठे पण असतात. आपला भारतीय लांडगा साधारण 20-25 किलोचा, म्हणजे अंगाने गावकुत्र्याहून थोडाच मोठा, आणि उंच. जितका थंड प्रदेश तितकं अंग मोठं, कारण मोठ्या अंगात ऊब टिकते, आणि उन्हाच्या प्रदेशात उलटं, अंग सडपातळ, पाय लांब, कान जरा मोठे, केस आखूड आणि थंडीच्या देशातल्या लांडग्यांना आत जी दाट लोकर असते ती जवळजवळ नाहीच. येवल्याचा मे महिना ज्याने बघितलाय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. रंग म्हणजे वाळलेल्या गवताचा, पाठीवर काळपट झाक, पोट आणि पाय फिकट. तो बसला तर तुम्हाला दिसणारच नाही.

त्या फिकट पायांवरूनच त्याचं शास्त्रीय नाव पडलंय, पॅलिपीस, म्हणजे फिकट पायांचा. हे नाव 1831 मध्ये कर्नल विल्यम साईक्सने दिलं. हा माणूस कंपनी सरकारच्या नोकरीत होता, दख्खनमध्ये फिरून जमिनी, पिकं, लोकसंख्या यांची माहिती गोळा करायचं त्याचं काम, आणि ते करता करता त्याने इथले प्राणी-पक्षी लिहून काढले, बऱ्याच प्राण्यांची मराठी नावं पण नोंदवली, रानकुत्र्याला त्याने कोळसून लिहिलंय तो शब्द आपल्याकडे अजून वापरतात. मला हे वाचून अंगावर काटा आला खरं सांगते. म्हणजे भारतीय लांडगा म्हणून जगभरच्या पुस्तकांत जो प्राणी आहे त्याची पहिली शास्त्रीय ओळख आपल्या दख्खनच्या माळावरून झालीय, आणि मी आयुष्यभर त्या माळावरून गाडीने जाताना काच वर करून झोपत आले.

आणि दुसरी गोष्ट अजून मोठी आहे. गेल्या वीसेक वर्षांत लांडग्यांच्या डीएनएवर बरंच काम झालं, त्यात असं दिसलं की भारतीय लांडगा आणि हिमालय-तिबेटकडचा लांडगा या दोन्ही फार जुन्या शाखा आहेत, 2021 मध्ये पूर्ण जीनोम तपासून झालेल्या अभ्यासात पण तेच आलं. युरोपातले, अमेरिकेतले, रशियातले लांडगे एकमेकांच्या जवळचे आणि हे दोघं कधीच वेगळे झालेले. आपल्याकडे घराण्याचं किती कौतुक असतं, हे तर लांडग्यांमधलं जुनं घराणं आहे आणि ते बाभळीखाली राहतंय.

हिमालयातला लांडगा आपल्या माळावरच्या लांडग्यापेक्षा खूपच वेगळा दिसतो, लडाख, स्पिती, नेपाळ, तिबेटच्या पठारावर, 4000 मीटरच्या वर सुद्धा, अंगावर भरपूर लोकर, आणि कमी ऑक्सिजनमध्ये जगता यावं असे बदल त्याच्या जनुकांमध्ये झालेले सापडलेत. लडाखमध्ये पूर्वी त्याला पकडायला दगडाचे मोठे खड्डे बांधायचे, आत एखादं जिवंत जनावर सोडायचं, लांडगा आत उडी मारायचा आणि भिंती आतल्या बाजूला झुकलेल्या असल्यामुळे त्याला वर येता यायचं नाही, मग गावाने दगड मारून संपवायचा. मेंढपाळ सगळीकडे मेंढपाळच, याक काय आणि शेळी काय.

करड्या लांडग्याशिवाय मग कोण कोण आहे? तांबडा लांडगा अमेरिकेत, त्याची गोष्ट फार वाईट आहे. 1980 मध्ये तो जंगलातून संपला असं जाहीर करावं लागलं, त्याच्या आधी जे थोडे पकडून पिंजऱ्यात वाढवले होते त्यांची पिल्लं 1987 पासून नॉर्थ कॅरोलायनात परत सोडली, आज जंगलात मोजून थोडेच आहेत, एका वर्गात बसतील इतके. दुसरा इथिओपियन लांडगा, हा मला सगळ्यात आवडतो, दिसायला कोल्ह्यासारखा लालसर, लांब तोंडाचा, इथिओपियाच्या डोंगरांवर 3000 मीटरच्या वर राहतो आणि उंदीर-घुशी खातो, सगळे मिळून 500 च्या आसपास उरलेत. गटाने राहतात पण शिकारीला एकेकटे जातात, कारण उंदीर पकडायला कशाला सगळं खटलं पाहिजे. 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी लिहिलं की हे लांडगे तिथल्या एका लाल-पिवळ्या उंच फुलाच्या तुऱ्यावरचा मध चाटतात, नाकाला पराग लावून एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जातात. ते फोटो शोधून बघाच. तिसरा आफ्रिकन सोनेरी लांडगा, त्याला 2015 पर्यंत सगळे कोल्हाच समजत होते, मग डीएनए तपासला तेव्हा कळलं की हा लांडग्याच्या जवळचा आहे. कॅनडात एक पूर्वेकडचा लांडगा म्हणून आहे, त्याला वेगळी जात मानायची की नाही यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. म्हणून कुणी ठासून सांगितलं की लांडग्याच्या इतक्याच जाती, तर समजायचं की हिशोब माणसागणिक बदलतो.

नावात लांडगा असलेले पण लांडगे नसलेले पण आहेत बरं का, इंग्रजीतलं नाव बघून पोरं प्रोजेक्टमध्ये चिकटवतात. दक्षिण अमेरिकेतला आयाळवाला लांडगा, लांबच लांब काळे पाय, तो वेगळाच प्राणी. आफ्रिकेतला आर्डवुल्फ हा तरसाच्या कुळातला, वाळवी खातो. टास्मानियन वुल्फ तर पोटाला पिशवी असलेला, कांगारूच्या बाजूचा, शेवटचा 1936 मध्ये मेला. आणि मागच्या वर्षी, 2025 च्या एप्रिलमध्ये, ते डायर वुल्फ परत जिवंत केल्याची बातमी आली होती ना, पांढरी पिल्लं, सगळ्या ग्रुपवर फिरली. ती करड्या लांडग्याच्या पेशीत जनुकांमध्ये 20 बदल करून जन्माला घातलेली पिल्लं आहेत, खरा डायर वुल्फ हजारो वर्षांपूर्वी संपला आणि 2021 च्या डीएनए अभ्यासाप्रमाणे तो आजच्या लांडग्यांचा जवळचा नातेवाईक पण नव्हता. माझ्या मुलाला हे सांगितल्यावर तो नाराज झाला, पण खरं ते खरं.

आता मला ज्या गोष्टीवर मनापासून लिहायचंय ती म्हणजे लांडग्यांचं कुटुंब. आपल्याकडे ऑफिसात, जिममध्ये, रील्समध्ये सगळीकडे तो शब्द असतो, अल्फा. अल्फा नर म्हणजे कळपातला दादा, जो बाकीच्यांना मारून-धमकावून वर येतो. हे कुठून आलं तर 1947 मध्ये रुडॉल्फ शेंकेल म्हणून एका शास्त्रज्ञाने प्राणीसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलं, ते लांडगे एकमेकांना अनोळखी होते, बंद जागेत एकत्र ठेवलेले, पळून जायला वाव नाही, मग भांडणार नाहीत तर काय करतील. वेगवेगळ्या घरातली दहा माणसं एका खोलीत कोंडली तर त्यांचं बघून माणसाचं कुटुंब कसं असतं हे सांगता येईल का? डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या 1970 च्या पुस्तकाने ती कल्पना सगळीकडे पोचली, आणि नंतर त्याच मेकने वर्षानुवर्षं जंगलातले लांडगे बघितले आणि 1999 मध्ये लिहिलं की जंगलात असं नसतं. माणसाने स्वतःच्याच पुस्तकातली गोष्ट चुकली म्हणून सांगायची, परत परत सांगायची, मला तर ह्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

जंगलात कळप म्हणजे काय तर आई, बाप, या वर्षीची पिल्लं आणि मागच्या वर्षीची, कधी त्याच्या मागच्या वर्षीची थोरली पोरं. बस. पुढे कोण चालतं तर आईबाप, कारण ते आईबाप आहेत. थोरली भावंडं धाकट्यांना सांभाळतात, आई शिकारीला गेली की कुणीतरी बिळापाशी थांबतं. मग साधारण एक ते तीन वर्षांची झाली की पोरं घर सोडतात, एकटी निघतात, जोडीदार शोधतात आणि स्वतःचा संसार मांडतात. 2011 च्या डिसेंबरमध्ये स्लोव्हेनियातून एक तरुण लांडगा असाच निघाला, गळ्यात जीपीएसचा पट्टा होता म्हणून सगळं कळलं, स्लाव्ह्ट्स नाव ठेवलेलं, तो आल्प्सचा बर्फ ओलांडून 1000 किलोमीटरच्या वर चालत इटलीत व्हेरोनाजवळ पोचला आणि तिथे त्याला एक एकटीच फिरणारी मादी भेटली. गाव व्हेरोना म्हणून लोकांनी तिचं नाव ज्युलिएट ठेवलं. त्यांची पिल्लं झाली, आणि त्या भागात कित्येक वर्षांनी लांडग्यांचं घर झालं.

आपल्या माळावर कळप लहान असतात, दोघं-तिघं, फार तर सहा-आठ, कारण तेवढंच खायला मिळतं. थंडीच्या आत-बाहेर पिल्लं होतात, आपल्याकडे साधारण डिसेंबर-जानेवारी, मादी दोन महिने गाभण राहते, ओढ्याच्या काठाला किंवा ओघळीत बीळ करते, एका वेळी चार-पाच पिल्लं. जन्मतात तेव्हा डोळे मिटलेले, दोन आठवड्यांनी उघडतात, आणि सुरुवातीला निळे असतात, पुढे पिवळे होतात. मोठे लांडगे शिकार पोटात घालून आणतात, पिल्लं त्यांचं तोंड चाटतात आणि ते अर्धवट पचलेलं मांस ओकून देतात. तुमचा कुत्रा तुम्ही घरी आलात की तुमच्या तोंडाकडे उडी मारतो ना, ते हेच, 15 हजार वर्षांहून जास्त काळ माणसासोबत राहूनही त्याच्यातून गेलेलं नाही.

मी जानेवारीत बघितलेला लांडगा सरळ काम ठरवल्यासारखा का चालला होता हे मला हे वाचल्यावर कळलं, बिळात पिल्लं वाट बघत असणार त्याची.

खातात काय, तर ममदापूर-राजापूरच्या राखीव माळावर काळविटं आहेत, ससे आहेत, उंदीर-घुशी आहेत. शिकारीचे बहुतेक प्रयत्न फसतात, काळवीट पळायला लागलं की लांडग्याच्या हाताला लागणं अवघडच, म्हातारं, लंगडं, नाहीतर पाडस असेल तर जमतं. आणि लांडगा बोरं खातो हे मला माहितीच नव्हतं, विष्ठा तपासली की बोरांच्या बिया सापडतात. ज्या बोरी आम्ही सुट्टीत झोडपायचो त्याच.

पण शेळ्या-मेंढ्याही खातो, ते कशाला लपवायचं. मामांच्या दोन करडांना नेलंय त्याने, त्याच हिवाळ्यात. त्यातलं एक मामीने बाटलीने दूध पाजून वाढवलेलं होतं, त्याची आई बाळंतपणात गेलेली. मामी अजून त्या विषयावर बोलली की तिचे डोळे भरतात, आणि मी तिच्यासमोर लांडग्याचं कौतुक करत नाही, करूच शकत नाही. भरपाई मिळते सरकारकडून पण त्याला पंचनामा लागतो, मामांनी उरलेलं पुरून टाकलं होतं लगेच, मग कसला पंचनामा. ज्यांचं जनावर जाईल त्यांनी आधी फॉरेस्टला फोन करावा, फोटो काढावा आणि काही हलवू नये, हे प्रत्येक गावात कुणीतरी जाऊन नीट सांगायला हवं असं मला फार वाटतं. दिवाळीनंतर तिकडे धनगरांचे वाडे येतात, शेतात मेंढरं बसवतात, ते रात्री मेंढरांभोवती जाळं लावतात त्याला वाघर म्हणतात, कुत्री असतात, आळीपाळीने कुणीतरी जागं असतं, तरी एखादं जातंच. मी त्यातल्या एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं, तुम्हाला राग नाही येत का. ते म्हणाले, "येतो की. पन ह्यो न्हाई आला तर कोन येईल? चोर येतो आता, गाडी घिऊन. त्यो एक न्हाई नेत." त्यांनी एवढंच सांगितलं आणि तंबाखू मळायला घेतली.

माणसांवर हल्ले होतात का, हे मला प्रत्येक जण विचारतो. आपल्या भागातले लांडगे माणूस बघून निघून जातात. पण 2024 मध्ये उत्तर प्रदेशात बहराइचकडे लहान मुलं गेली लांडग्यांच्या हल्ल्यात, त्या आईबापांचं दुःख कमी लेखायचं नाहीये. पिसाळलेला लांडगा तर कुठेही घातकच. त्याच्या उलट बाजूला काय झालंय तेही बघावं लागेल, इंग्रजांच्या काळात लांडगा मारला की बक्षीस मिळायचं, 1875 ते 1925 या 50 वर्षांत देशात 2 लाखांवर लांडगे मारले गेले असं इतिहासकार सांगतात. आज पूर्ण भारतात उरलेत तीन हजारांच्या आसपास, म्हणजे वाघांइतकेच, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यात वाघ ज्या पहिल्या अनुसूचीत आहे त्यातच लांडगा पण आहे. वाघासाठी केवढे प्रकल्प, जिप्सी, तिकिटं. लांडग्याला साधं राहायला जंगल पण नको, त्याला माळ पाहिजे.

आणि माळाचंच अवघड झालंय. सरकारी कागदावर माळरानाला बऱ्याचदा पडीक जमीन म्हणतात. पडीक म्हटलं की काहीतरी करूया असं प्रत्येकाला वाटतं, कुणी सोलरचे पॅनल लावतं, कुणी प्लॉट पाडतं, आणि चांगल्या मनाची माणसं झाडं लावतात. मी पण लावलीत, आमच्या ऑफिसचा ग्रुप एका पावसाळ्यात गेला होता अशाच एका उघड्या टेकडीवर, खड्डे खणून सुबाभूळ आणि ग्लिरिसिडिया लावली, फोटो काढले, डबे खाल्ले. आज मला ते चुकीचं वाटतं. त्या टेकडीवर पवन्या गवत होतं, खोकडाचं, म्हणजे माळावरच्या छोट्या कोल्ह्याचं, बीळ होतं, ते आम्ही बघितलं आणि तरी बाजूलाच खड्डा घेतला. झाडं लावायची तर लावा, नाशिकमध्ये रस्त्यांना हवीच आहेत, पण गवताच्या जागेवर गवतच राहू द्या.

दुसरं संकट म्हणजे कुत्री. गावाबाहेर कोंबड्यांचा कचरा टाकतात, हॉटेलचं टाकतात, त्यावर भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या वाढतात, त्या लांडग्यांच्या हद्दीत शिरतात, रेबीज आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा जीवघेणा साथीचा रोग) घेऊन जातात. आणि लांडगे संख्येने इतके कमी झालेत की जोडीदार मिळेना तर कुत्र्याशी जोडी जमते. पुण्याजवळ पिवळसर रंगाचे, वेगळेच दिसणारे लांडगे दिसत होते, त्यांचा डीएनए तपासला आणि 2023 मध्ये ते प्रसिद्ध झालं, ते लांडगा आणि कुत्रा यांचे संकर निघाले. लाखो वर्षं वेगळं राहिलेलं ते जुनं घराणं आपल्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यापाशी येऊन संपायचं म्हणजे, मला तर हे वाचून त्या रात्री झोप लागली नाही.

मामांना बीळ माहिती आहे. मला दाखवलं नाही, मी विचारलं तर म्हणाले तुला सांगितलं की तू पोराला सांगशील, तो मोबाईलवर टाकेल, मग रविवारी पन्नास गाड्या येतील. बरोबर आहे त्यांचं. मी पण वर फक्त राजापूरची बाजू एवढंच लिहिलंय आणि त्याच्यापुढे काही लिहिणार नाहीये, कमेंटमध्ये विचारू नका प्लीज. मामीला सुद्धा त्यांनी सांगितलेलं नाही, पण मला वाटतं तिला माहिती आहे. गोठ्याला आता त्यांनी वरपर्यंत जाळी मारून घेतलीय, खालून दगड रचलेत, खर्च झाला थोडा पण फेब्रुवारीपासून एकही करडू गेलेलं नाही.

आवाज ऐकायचा मात्र माझा राहूनच गेलाय. लांडगा ओरडतो ते एकमेकांना हाका मारायला, मी इथे आहे, तुम्ही कुठे आहात, आणि दुसऱ्या कळपाला, इकडे येऊ नका. चंद्राशी त्याचा काही संबंध नाही. उघड्या माळावर ती हाक कित्येक किलोमीटर जाते. मामी म्हणते पहाटे ऐकू येतो, आधी एक, मग दुसरा, आणि मग गावातली सगळी कुत्री गप्प होतात.

काल मामांचा फोन आला. तिकडे पाऊस बरा झालाय, पाझर तलावात पाणी आलंय, मका हातभर वर आलाय, हे सगळं सांगून झालं आणि मग म्हणाले, अगं ऐक, तलावाच्या कडेला चिखलात माग आहे. मी विचारलं कसा. तर म्हणाले एका रेषेत. दोन मोठी, त्यांच्यामागे लहान पण आहेत, तीन असतील नाहीतर चार, लहानांची रेष अजून सरळ नाही, मधेच पाण्याकडे गेलीत, परत आलीत, एका जागी तर नुसता चिखल तुडवलाय, खेळलेत वाटतं. मी म्हटलं फोटो काढा ना मामा. ते म्हणाले, "फोटो कशाला, शनिवारी ये, रात्री पाऊस नाही आला तर असतील."

शनिवारी पहाटे पाचची गाडी पकडायची आहे. मुलगा पण येतो म्हणालाय.